चार, आणि तो

मानवजातीपुढचा सर्वांत मोठा प्रश्न ‘आपण कुठून आलो’ हा नाही, आणि ‘आपण कुठे चाललो आहोत’ हाही नाही. सर्वांत मोठा प्रश्न आहे, ‘आपण आत्ता नेमके किती उंचावर आहोत?’ हे वाक्य मी विमानचालन शाळेतल्या प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्या दिवशी ऐकवत असे. बत्तीस वर्षं ऐकवलं. एकाही विद्यार्थ्याने ते वहीत उतरवून घेतलं नाही. एकीने एकदा हात वर केला होता. मला भरून आलं. तिने विचारलं, “सर, स्वच्छतागृह कुठे आहे?”

असो. प्रश्न मोठा असला तरी उत्तर छोटं होतं, आणि ते गवतात होतं. आमच्या धावपट्टीच्या डाव्या बाजूला, सुरुवातीपासून तीनेकशे मीटर आत, गुडघ्याएवढ्या उंचीच्या चार नारिंगी पेट्या एका ओळीत रोवलेल्या होत्या. प्रत्येक पेटीतून उजेडाचा झोत उतरत्या विमानाच्या दिशेने जायचा. झोताचा वरचा अर्धा पांढरा, खालचा अर्धा लाल. पेट्यांचे कोन एकमेकींपेक्षा अंशाच्या तिसऱ्या हिश्श्याने वेगळे. त्यामुळे योग्य उतारावर असलात की डावीकडचे दोन दिवे पांढरे आणि उजवीकडचे दोन लाल दिसत. फार वर असाल तर चारही पांढरे. फार खाली असाल तर चारही लाल, आणि पुढचं वर्णन दुसऱ्या दिवशीच्या पेपरात.

उतरताना विद्यार्थ्याने हे दिवे डावीकडून उजवीकडे मोठ्याने वाचायचे, हा आमच्या शाळेचा रिवाज. “पांढरा, पांढरा, लाल, लाल.” काही सेकंदांनी पुन्हा तेच. आम्ही याला चारोळी म्हणायचो. शिक्षक शेजारी बसलेला असेल तर चारोळी त्याच्या कानात. विद्यार्थी एकटा उडत असेल तर रेडिओवर, म्हणजे खाली उभ्या शिक्षकाला ऐकू जाईल. डोळ्यांना दिसलेलं तोंडाने म्हटल्याशिवाय मेंदूला पटत नाही, असं माझं मत. आमच्या मुख्य प्रशिक्षकांचं, म्हणजे साहेबांचं, मत असं की रेडिओवर म्हटलेलं टेपवर राहतं आणि टेपवर राहिलेलं चौकशीत कामाला येतं. दोन मतांतून नियम मात्र एकच निघाला. संस्था अशाच चालतात.

शाळा मोठी नव्हती. पत्र्याचा एक हँगर, तीन छोटी विमानं, शिक्षकांच्या खोलीत चार खुर्च्या आणि त्यांपैकी दोन बसण्यालायक. भिंतीवरच्या नकाशात आमची धावपट्टी जिथे छापलेली होती तिथे आता भोक पडलं होतं, कारण वर्षानुवर्षं सगळ्यांनी तिथेच बोट ठेवलं होतं. खोलीत कायम पेट्रोलचा, ओल्या लोकरीचा आणि उकळून उकळून कडू झालेल्या चहाचा वास. दिव्यांची निगा राखणारे आमचे वीजतंत्री माझ्याहून सहा वर्षांनी मोठे. त्यांना सगळे दिवेकाका म्हणत. दर सोमवारी सकाळी ते कोन मोजायचं यंत्र घेऊन पेट्यांपाशी जायचे, काचा पुसायचे, कोन तपासायचे आणि परत येऊन म्हणायचे, “चारही शहाणी आहेत.”

चारही. हा शब्द मी पुढे पुष्कळदा आठवून पाहिला.

त्या वर्षीच्या तुकडीत एक मुलगी होती. मुलगी म्हणजे सत्तावीस वर्षांची. आधी जमिनीची मोजणी करणाऱ्या कार्यालयात पाच वर्षं नोकरी केलेली, ती कायमची नोकरी सोडून इथे आलेली. तिला टोपणनाव पडलं ‘मोजणी’. नाव शोभायचंही. हँगरपासून विमानापर्यंत किती पावलं, जिन्याला किती पायऱ्या, साहेब एका वाक्यात किती वेळा ‘म्हणजे’ म्हणतात, सगळं तिच्याकडे तयार. तिची आई दर रविवारी फोन करून विचारायची, “अजून जागा भरली नाहीये तुझी, येतेस का परत?” आणि ही दर रविवारी सांगायची, “बारा तास झाले. साडेचौदा झाले. अठरा झाले.”

तिच्या एकविसाव्या तासाला, दुपारी चारच्या सुमाराला, आम्ही उतरत होतो. हवा धुरकट होती, म्हणजे लांबचं सगळं दुधात बुडवून काढल्यासारखं. विमान छान उतारावर होतं. मी हात मांडीवर ठेवून बसलो होतो. शिक्षकाने हात मांडीवर ठेवणं ही विद्यार्थ्याला मिळणारी सर्वांत मोठी पदवी.

“लाल, पांढरा, पांढरा, लाल, लाल,” ती म्हणाली.

“चारोळीला चार ओळी असतात,” मी म्हणालो.

“हो सर. लाल, पांढरा, पांढरा, लाल, लाल.”

मी पाहिलं. पांढरा, पांढरा, लाल, लाल. चार. मी पुन्हा मोजले. सव्वीस वर्षांच्या नोकरीत चारपर्यंत मोजण्याची वेळ माझ्यावर पहिल्यांदा आली होती.

“पहिला लाल कुठे आहे?”

“डावीकडे. बाकीच्यांच्या रांगेतच, थोडा मंद.” मग जरा थांबून, “तुम्हाला दिसत नाहीये का?”

मी म्हणालो, “तू उतर.” ती उतरली, आणि फार सुरेख उतरली.

खाली आल्यावर मी तिला भूमिती समजावली. बाहेरच्या बाजूला जावं तसा पेटीचा कोन कमी होत जातो. पेट्यांचे क्रमांक धावपट्टीकडून मोजतात, म्हणजे चौथी सर्वांत डावीकडची; तिच्या पलीकडे पाचवा असताच, तर त्याचा कोन सर्वांत कमी असता, आणि चार दिवे नीट दिसत असताना तो पांढराच दिसायला हवा होता. बाकीचे चार म्हणतात तू पहिल्या मजल्यावर आहेस आणि हा एकटा म्हणतो तू तळघरात आहेस, असं होऊ शकत नाही.

“बरोबर आहे, सर,” ती म्हणाली. “होऊ शकत नाही.” आणि तिने वहीत काहीतरी लिहिलं. मी वाकून पाहिलं. ‘५. चौथ्यापासून ९ मीटर. लाल.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दिवेकाकांना घेऊन पेट्यांपाशी गेलो. दव पडलेलं होतं. बूट भिजून जड झाले. चौथ्या पेटीपासून मी नऊ मोठी पावलं टाकली आणि थांबलो. समोर गवताचा एक चौकोन होता, साधारण पेटीएवढा. आजूबाजूचं सगळं रान दवाने पांढुरकं झालेलं आणि तेवढा चौकोन कोरडा. मी खाली बसून तळहात टेकवला. नुकत्याच विझवलेल्या दिव्याच्या काचेएवढं कोमट.

“काका, हे काय?”

दिवेकाकांनी फडक्याला हात पुसले. ते आधीच स्वच्छ होते.

“गवत,” ते म्हणाले.

“कोरडं का?”

“ते गवताला विचारा.” मग आवाज उतरवून, “हे बघा, वर कुणाला बोलू नका. चार सांभाळतो तेवढं पुरे आहे. आता पाचव्याची निगापण माझ्याच गळ्यात पडेल.”

मी बोललो नाही. मोजणीच्या प्रगतिपुस्तकातही लिहिलं नाही. पुढची दोन उड्डाणं चारोळी चार ओळींचीच झाली आणि मला वाटलं, प्रकरण धुक्याबरोबर गेलं. मग साहेब तिची परीक्षा घ्यायला तिच्याबरोबर वर गेले.

परत आले तेव्हा त्यांचा चेहरा खडूसारखा होता. मला वाटलं, विमान लागलं असेल. त्यांनी खोलीचं दार लावलं आणि सदऱ्याचं वरचं बटण काढून पुन्हा लावलं.

“म्हणजे, तुमची ती विद्यार्थिनी पाच दिवे वाचते.”

“एकदा वाचले होते.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“डोळे थकले असतील, साहेब.”

“डॉक्टरकडे पाठवा.”

पाठवली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं, ‘दृष्टी उत्तम. माझ्यापेक्षा उत्तम.’ साहेबांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि आणखीच वैतागले. डोळ्यांत दोष नाही म्हणजे दोष डोळ्यांच्या मागे असणार, असं त्यांचं तर्कशास्त्र. त्यांनी निकाल सांगितला : पुढच्या आठवड्यात तिचं पहिलं एकटीचं उड्डाण. त्यात चारोळी चार ओळींची झाली तर पुढचं शिक्षण चालू. पाच दिवे वाचले, तर वैद्यकीय मंडळाला पत्र.

वैद्यकीय मंडळ म्हणजे काय, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. मंडळात गेलेली फाईल परत येत नाही. माणूस येतो, पायी.

मी मोजणीला हँगरच्या मागे गाठलं. ती विमानाच्या चाकातली हवा मोजत होती.

“ऐक,” मी म्हणालो. “एक व्यवहारी सल्ला देतो. तुला किती दिसतात ते तुझं तुझ्यापाशी ठेव. रेडिओवर चार म्हण.”

“दिसतील पाच आणि म्हणू चार?”

“दिसतील चारच, बहुतेक. पण समजा.”

ती उठली. गुडघ्यांची माती झटकली.

“सर, मोजणीच्या ऑफिसात मला पहिल्या आठवड्यात वरिष्ठांनी सांगितलं होतं, ‘कुंपण नकाशात आहे तिथेच आहे असं लिही. प्रत्यक्षात कुठे आहे ते बघत बसलीस तर जेवायला उशीर होतो.’ मी पाच वर्षं उशिरा जेवले.”

“मग हेही सोडून द्यावं लागेल, बाई.”

“माहितीये,” ती म्हणाली, आणि दुसऱ्या चाकाकडे गेली. हवा मोजायच्या यंत्राचा काटा आकड्यावर ठरेना, तशी तिने ते तीनदा लावलं.

घरी मी हे सगळं आमच्या हिला सांगितलं. ही माध्यमिक शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेली. तिच्यासमोर खोटं बोलणं मी लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच सोडून दिलं. तिने ऐकून घेतलं, भाजी चिरायची थांबली नाही.

“बाकीच्या मुलांना किती दिसतात?”

“चार. रोज ऐकतो ना मी.”

“तुम्ही ऐकता ते मुलं काय म्हणतात ते. दिसतं काय ते विचारलंत का कधी?”

“एकच की ते.”

“अहो, एकतीस वर्षं वर्गात ‘समजलं का?’ विचारलं आणि एकतीस वर्षं सगळे ‘हो’ म्हणाले,” ती म्हणाली. “पेपर तपासले की कळायचं. चिठ्ठ्या लिहून घ्या. नाव लिहायचं नाही म्हणून सांगा.”

म्हणून मी शिक्षकांच्या खोलीबाहेर बिस्किटांचा एक रिकामा डबा ठेवला, झाकणाला चीर पाडून. वर कागद चिकटवला : ‘उतरताना आजवर जास्तीत जास्त किती दिवे दिसले? खरा आकडा लिहा. नाव लिहू नका.’ तीन दिवस डबा तिथे होता. साहेबांनी जाता-येता त्याच्याकडे बघून नाक मुरडलं. तिसऱ्या संध्याकाळी मी तो घरी नेला आणि जेवणाच्या टेबलावर उलटा केला.

हिने चष्मा लावून चिठ्ठ्यांचे गठ्ठे केले. चार लिहिलेल्या सहा चिठ्ठ्या. पाच लिहिलेल्याही चार.

खोलीत पंखा चालू होता. चिठ्ठ्या उडू नयेत म्हणून तिने त्यांच्यावर मिठाची बरणी ठेवली.

“पाचवाल्या चौघांनी आजवर तुम्हाला कधी पाच म्हटलं?”

“एकीने. मोजणीने.”

“म्हणजे तिघं डोळ्यांनी पाच बघून तोंडाने चार म्हणतात,” ती म्हणाली. “चांगलं शिकवलंत.”

मग तिने शेवटची चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. त्यावर आकडा नव्हता. घोटीव अक्षरात दोनच वाक्यं होती.

‘चार. आणि तो.’

मी ती पुष्कळ वेळ हातात धरून बसलो. आमच्या हिने चष्मा काढला.

“विद्यार्थी किती आहेत तुमच्याकडे?”

“दहा.”

“चिठ्ठ्या अकरा आहेत,” ती म्हणाली.

एकट्याच्या उड्डाणाच्या दिवशी पुन्हा तशीच धुरकट हवा होती. नियमात बसेल इतपत, पण जेमतेम. वारा नव्हता. धावपट्टीशेजारचा कापडी नळा काठीला चिकटून लोंबत होता. मी आणि साहेब पेट्यांपासून थोड्या अंतरावर गवतात उभे होतो. माझ्या हातात रेडिओ, साहेबांच्या हातात पत्राचा कोरा कागद लावलेली पाटी. दिवेकाका मागे उभे होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

मोजणीने उड्डाण झकास केलं. फेरी आखल्यासारखी काढली. शेवटच्या वळणानंतर विमान धुरकटातून बाहेर आलं, आधी दिवा, मग पंख, मग आवाज. उतार अचूक. धावपट्टी रिकामी. आकाश रिकामं. मी सगळीकडे पाहून घेतलं होतं. निदान तिच्या बाजूला तरी.

रेडिओ खरखरला. तिने बटण दाबलं होतं, पण बोलत नव्हती. नुसतं इंजिन ऐकू येत होतं आणि तिचा श्वास.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

“लाल,” ती म्हणाली.

मग सावकाश, शाळेत पाढे म्हणतात तसं, “पांढरा, पांढरा, लाल, लाल.”

साहेबांनी लिहिलं नाही. ते माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत राग असेल असं मला वाटलं होतं. राग नव्हता.

मी डावीकडे पाहिलं. चौथी पेटी. नऊ पावलं. गवत. नुसतं गवत.

तिला उतरायला सांगावं, तर सगळं ठीक होतं. रिकामी धावपट्टी, योग्य उतार, चांगला विद्यार्थी. वर जायला सांगावं, तर टेपवर कायमचं राहणार होतं की एका शिक्षकाने नसलेला दिवा बघून विमान परत वर पाठवलं. तिच्यापाठोपाठ माझीही फाईल.

पण जिथे लाल दिसायला नको तिथे लाल दिसला, तर उतरू नकोस. हे मीच शिकवलं होतं. सव्वीस वर्षं.

मी बटण दाबलं.

“लाल आहे ना? नक्की?”

“नक्की, सर.”

“मग वर जा. उजवीकडे सरकून वर जा.”

इंजिनाने आवाज चढवला. विमानाने नाक उचललं, धावपट्टीच्या उजव्या कडेला सरकलं आणि आमच्यासमोरून वर चढत गेलं. पत्रे थरथरले. मग आवाज लांब गेला.

साहेब म्हणाले, “म्हणजे...” आणि त्यांनी पेनाचं टोपण परत लावलं.

रेडिओ पुन्हा खरखरला.

“सर,” मोजणी म्हणाली. तिचा आवाज अगदी हळू होता. “माझ्या खालून आत्ता एक विमान गेलं.”

आम्ही तिघं एकदम वळलो.

धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाकडून, उलट्या दिशेने, एक पांढरं विमान येत होतं. पंखा थांबलेला. आवाज अजिबात नाही. नुसती हवेची सळसळ, चादर झटकावी तशी. ते टेकलं, उसळलं, पुन्हा टेकलं, आणि सबंध धावपट्टी खात आमच्याकडे येत राहिलं. मोजणी उतरली असती तर ज्या जागी तिचं विमान या क्षणी धावत असतं, ती जागा ते ओलांडून गेलं. मग वेग कमी झाला, आणि ते आमच्यापासून वीस पावलांवर येऊन उभं राहिलं.

तापलेलं इंजिन टिकटिकत होतं.

विमानातून एक टकला, जाडजूड वैमानिक उतरला. शेतांवर औषध फवारणारा. त्याच्यामागून त्याचा मेव्हणा उतरला, आणि उतरताक्षणी गवतात ओकला. वैमानिकाने सरळ येऊन माझे दोन्ही हात धरले. त्याचे हात थंडगार होते.

“सगळं एकदम गेलं हो,” तो म्हणाला. “इंजिन गेलं, रेडिओ गेला. खालचं काही दिसेना. उपकार झाले तुमचे. तो दिवा लावून ठेवलात म्हणून आलो.”

“कोणता दिवा?” साहेबांनी विचारलं.

“हा काय, या टोकाचा. मला उजव्या हाताला दिसत होता.”

दिवेकाका पुढे आले. “त्या बाजूने दिवे नाहीत,” ते म्हणाले. “तिकडून पेट्यांची पाठ दिसते. पत्रा.”

“पाठ नव्हे हो, दिवा. एकटाच होता. पांढराशुभ्र.” त्याने घाम पुसला. “मी मनात म्हटलं, हा लाल झाला तर आपण पोहोचत नाही, विमान शेतात टाकायचं. पण पांढरा होता, शेवटपर्यंत पांढराच राहिला. म्हटलं, येतोय आपण.”

मेव्हण्याने गवतातून मान वर केली. “मलाही दिसला,” तो म्हणाला. “मला वाटलं, मेलोच.”

मी त्या गवताकडे पाहिलं. तिला लाल आणि याला पांढरा, एकाच वेळी, एकाच जागेवरून. भूमिती माझ्या डोक्यात होती तशीच होती. तिचा उपयोग मात्र संपला होता.

विमान ढकलून बाजूला घेतलं. मोजणीने दुसरी फेरी काढली आणि उतरायला आली. “पांढरा, पांढरा, लाल, लाल,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “बस. एवढेच.” आणि उतरली. विमानातून उतरून ती दहा पावलं चालली, त्या पांढऱ्या विमानाकडे बघितलं, मग खाली बसली आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत राहिली. मी शेजारी बसलो. मी विचारलं, “चहा घेणार का?” ती म्हणाली, “दोन.”

साहेबांनी कोरा कागद पाटीवरून काढला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला. अहवालात त्यांनी लिहिलं, ‘प्रशिक्षणार्थीने दिव्यांचं वाचन बिनचूक केलं व योग्य वेळी उतरणं रद्द केलं.’ कोणत्या दिव्यांचं, ते लिहिलं नाही. मी खोलीतून निघालो तेव्हा ते नकाशातल्या भोकाकडे बघत उभे होते.

“इतकी वर्षं शेजारी बसता,” ते न वळता म्हणाले, “त्या चिठ्ठीवरचं माझं अक्षर ओळखलं नाहीत.”

मी दारातच थांबलो.

“पहिल्यांदा दिसला तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो,” ते म्हणाले. “म्हणजे, बोललो असतो तर आज साहेब नसतो.” थोड्या वेळाने, “त्या मुलीचे आभार मानायचे राहिले माझे.”

“मानाल.”

“कसं मानतात हो?” त्यांनी अगदी खरोखर विचारलं.

त्यांनी ते आपल्या पद्धतीने मानले. पुढच्या सोमवारी नियमांच्या पुस्तकात दुरुस्ती आली. आधीचं वाक्य होतं, ‘विद्यार्थ्याने चार दिवे मोठ्याने वाचावेत.’ नवं वाक्य झालं, ‘विद्यार्थ्याने जेवढे दिसतील तेवढे दिवे मोठ्याने वाचावेत.’ सरकारी भाषेत इतकं मोठं धाडस मी दुसरं पाहिलं नाही. त्यानंतरच्या सहा वर्षांत पाच दिवे आठ वेळा वाचले गेले. आठही वेळा विमान वर गेलं. एकदा चाक फुटलेलं एक विमान पट्टीवर आडवं झालं होतं. एकदा गुरं आली. बाकी सहा वेळा काहीही झालं नाही. विद्यार्थी फेरी मारून आला, उतरला, आणि त्याने चहा मागितला. त्या सहांबद्दलही मी ऋणीच आहे. काय झालं नाही, ते आम्हाला कळलं नाही, इतकंच.

मला तो कधीच दिसला नाही. याचं आधी वाईट वाटायचं. पुढे वाटेनासं झालं. ज्यांना दिसायला हवा होता त्यांना दिसला, आणि माझ्या एकाही विद्यार्थ्याचा फोटो हार घालून भिंतीवर लागला नाही. शिक्षकाला याहून जास्त काय हवं? संध्याकाळी घरी जाताना मी चौथ्या पेटीपाशी थांबून नऊ पावलं टाकायचो आणि “बरं आहे, येतो” म्हणायचो. कुणाचे आभार मानायचे हे ठाऊक नसलं की माणूस गवताचेही मानतो. दिवेकाका हे लांबून बघायचे आणि त्यांनी कधी चेष्टा केली नाही, हेही उपकारच.

मी निवृत्त झालो त्या दुपारी मोजणी म्हणाली, “सर, चला, एक फेरी.” ती आता आमच्याकडेच शिक्षिका होती, तेहेतीस वर्षांची, डोळ्यांत तोच शांतपणा. ती डावीकडे बसली, मी उजवीकडे. हवा स्वच्छ होती. खाली शाळेचा पत्रा चकाकत होता, अंगणात आमची ही आणि साहेब कपाळावर हात धरून वर बघत होते. शेवटचं वळण घेऊन आम्ही उतारावर आलो.

“म्हणा, सर. शेवटची.”

मी घसा साफ केला. “पांढरा, पांढरा, लाल, लाल.”

“छान,” ती म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, “पाचवा आज लागलेला नाही.”

“बरं आहे की.”

“पेटी दिसतेय मात्र. स्वच्छ दिसतेय आज.” तिने मान थोडी पुढे काढली. “आणि तिच्या पलीकडे अजून एक पेटी आहे, सर. नऊ मीटरवर. नवी कोरी. रंगसुद्धा ओला वाटतोय.”

मला खाली गवत दिसत होतं.

“पेटलेली आहे?”

तिने नीट पाहिलं. ती मोजताना कधी घाई करत नसे.

“नाही,” ती म्हणाली. “अजून नाही.”

निवृत्तीनंतर काय करणार, असं मला त्या आठवड्यात निदान वीस जणांनी विचारलं होतं, आणि मी वीसही जणांना वेगळं उत्तर दिलं होतं. एकविसावं खाली गवतात होतं. इंजिन एकसुरात चाललं होतं. माझ्या तळहातांना, मांडीवर ठेवलेल्या, त्या सकाळच्या गवतासारखं कोमट वाटत होतं.

“सर.”

“हं?”

“पाय काढा ना तुमच्या पेडलवरून. मला उतरायचंय.”